अण्णा सोडून काहीही

गणेशगुडीला प्रियांका जोयड्याच्या बसमध्ये चढली तेव्हा दारापर्यंत माणसं उभी होती, आणि एका बाकावर मात्र जागा रिकामी! शेजारी कुरळ्या केसांचा, काळाभोर, हसऱ्या डोळ्यांचा, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी जमातीतला तरुण.

"हितं कुणी हाय का?"

"न्हाई. लोकांना वाटतंय, वरनं गळतंय," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं. छप्पर कोरडं ठणठणीत! लोक का बसले नव्हते ते तिला उमगलं आणि रागानं ती धपकन बसली. बाहेर पाऊस झोडपत होता, त्याची ओली बाही हाताला लागत होती... राग कुठल्या कुठे गेला.

तासाभरानं ती तालुक्यातल्या इतर नर्सांबरोबर प्रशिक्षणाला बसली, तर शिकवायला तोच. शिवानंद सिद्दी.

"दवाखान्यात बाकीच्यांना 'या अक्का, बसा मावशी'. आमच्या बाईला 'ए सिद्दीण, तिकडं ऱ्हा!'" तो शांतपणे म्हणाला. "मग ती परत येत न्हाई. बीपी वाढतो, बाळंतपण घरातच अडतं. रंगावरनं केलेला भेदबी माणूस मारतो."

प्रशिक्षण दर बुधवारी. दोन बुधवारांमध्ये एवढे दिवस असतात, हे प्रियांकाला नव्यानंच कळलं. सुई हातात घेतली की त्याचा आवाज, औषध दिलं की त्याचं हसू... पार वेडी झाली होती पोरगी!

शेवटच्या बुधवारी त्यानं खेळ मांडला. तो पेशंट होऊन येणार, प्रत्येकीनं त्याला नात्यानं हाक मारायची.

"या अण्णा," श्वेता म्हणाली.

"बसा अण्णा," काशी म्हणाली.

प्रियांकाची पाळी आली. अण्णा? याला भाऊ म्हणायचं? तिची जीभच उचलेना.

त्याचं हसू मावळलं.

"असू द्या," म्हणून तो पुढे गेला.

संध्याकाळी ती स्टँडवर धावली. तो हल्याळच्या बसपाशी उभा होता. पुढचं प्रशिक्षण तिकडं.

"सर, तुमाला वाटलं... तुमी सिद्दी, म्हणून मी—"

"सवय हाय मला, सिस्टर."

"चुलीत घाला ती सवय!" तिचे डोळे भरून आले. "दुसरं कायबी म्हणीन. अण्णा म्हणणार न्हाई. जल्मात न्हाई!"

"का पण?"

"भावाची कुणी अशी वाट बघतं व्हय?"

कंडक्टरनं शिटी मारली. पायरीवर चढून तो वळला.

"मग... काय म्हणशील मला?"

बस हलली, फाटकाबाहेर पडली, तशी ती मागं धावली.

"अहो!" ती मागून ओरडली. अख्ख्या बसनं वळून पाहिलं. "अहो... लवकर या!"