धाकूचा कंदील

दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. आप्पा पोरांना म्हणाले, "केरू माझ्या ओळखीचा. त्यानं सांगितलं तसं सांगतो. खरंखोटं मला अजून ठरवता आलेलं नाही."

साल सदतीस, पौष वद्य चतुर्दशी. टपालाचं विमान पहाटे निघायचं, म्हणून केरू रात्रीच पेट्रोलचे डबे भरून लॉरी घेऊन सड्यावर गेला. उघडा कातळ, त्यावर दोरांनी बांधलेलं विमान. लॉरी मागे मागे घेत पंखाशी न्यायची. तिथं उभा असलेला राखणदार कंदील हलवील तोवर यायचं. त्यानं कंदील खाली ठेवला, की थांबायचं.

वर्षभर हे कंदील दाखवायचं काम धाकूचं होतं. दिवाळीत केरूला डुलकी लागली, लॉरी विमानाच्या शेपटाला धडकली. साहेबासमोर केरू बोलून गेला, "धाकूनं कंदील दाखवलाच नाय." धाकूची नोकरी गेली. महिन्याभरात धाकूही गेला. केरूला मात्र ताकीद मिळाली : पुन्हा धक्का लागला, तर घरी बसायचं.

त्या रात्री नवा राखणदार सदू कुठं दिसेना. केरूनं हाक मारली. उत्तर नाही. पण पंखाशी कंदील हलत होता.

केरूनं लॉरी मागे घेतली. कंदील हलतच होता. अजून. अजून थोडं...

कंदील खाली आलाच नाही.

कर्रर्र... पंखाचं कापड फाटलं.

घोंगडी सावरत सदू झोपडीतून धावला. "केरूदा, काय केलंस ह्यां?"

"तूच हलवीत होतास ना कंदील?"

"मी? घासलेट सांजेलाच संपला. कंदील झोपडीत हाय, हात लावून बघ."

केरूनं लावला. गार.

"मागं कंदील नव्हता म्हणालास," सदू हसला. "आता होता म्हणतोस. साहेब कुठचां खरां मानील?"

केरूचा संशय जाईना. धाकूचा स्वतःचा एक कंदील होता. केरू तसाच घाटी उतरून धाकूच्या बायकोच्या, यमुनाबाईच्या दारात गेला.

"वैनी, धाकूचा कंदील कोणी नेला?"

तिनं खुंटीकडे बोट केलं. "ते गेल्यापासून तिथंच हाय. तेल नाय, वात नाय."

केरूनं हात पुढे केला...

आप्पा थांबले.

"सकाळी त्यानं साहेबाला सगळं सांगितलं. दिवाळीचंही. नोकरी गेली. तो कंदील मी पाहिला, खरंच वात नव्हती. केरूच्या तळहातावर मात्र भाजल्याचा वळ होता. एकावर एक आडव्या दोन तारांचा, कंदिलाच्या काचेभोवती असतात तशा. इंजिनाला हात लागला असेल, म्हणून मी सगळी लॉरी धुंडाळली..."

त्यांनी चष्मा काढला.

"तशा तारा लॉरीत कुठंच नव्हत्या."