सहासष्ट नंबरचं कार्ड

"मी देशद्रोही असतो तर जर्मनांनी मला उत्तरेच्या कैदी छावणीत कशाला धाडलं असतं?" टोर्गेर लुंडे म्हणाला.

नॉर्वेतल्या त्या बंदरगावातून जर्मन १९४५च्या मे महिन्यात गेले होते. शाळामास्तर टोर्गेर ऑगस्टमध्ये परतला आणि जर्मनांच्या पित्त्या पक्षाच्या कपाटात त्याच्याच नावाचं सभासदकार्ड निघालं. सहासष्ट नंबर, मार्च १९४१. नोकरी गेली, आता खटला होता.

खासगी गुप्तहेर योर्गेन आस यांनी कार्ड निरखलं. "पत्ता राजमार्ग, नऊ. तिथंच राहता?"

"जन्मापासून. मधे चाळीसच्या अखेरीस जर्मनांनी राजाचं नाव पुसून बंदरमार्ग केलं होतं, ते गेल्यावर पुन्हा राजमार्ग झालं, तेवढंच."

"सही तर हुबेहूब टोर्गेरची आहे," आसांचे मित्र डॉक्टर लुडविग पुटपुटले. आस नुसते हसले.

कपाटाच्या किल्ल्या देशद्रोह्यांच्या चौकशी समितीतल्या दोघांकडे होत्या. टंकलेखिका बोर्गहिल्ड फणकारली, "पाच वर्षं नगरपालिकेत पत्ते लिहितेय मी! जर्मनांच्या काळात चुकून राजमार्ग लिहिलं की साहेब कागद तोंडावर फेकायचा."

चिटणीस आर्ने स्कोर शांत होता. "मी चाळीस साली स्वीडनला पळालो, या मेमध्ये परतलो. तेव्हा लोक म्हणत होते, टोर्गेर समुद्रात बुडाला."

संध्याकाळी आसनी सगळ्यांना समितीच्या खोलीत बसवलं.

"एक्केचाळीस साली गावात राजमार्ग नव्हताच. त्या पक्षाच्या कार्डावर ते नाव कुणी लिहिलंच नसतं. म्हणजे कार्ड मेनंतरचं. बोर्गहिल्डबाई ही चूक करणार नाहीत. बंदरमार्ग हे नाव ज्यानं कधी वापरलंच नाही, तोच करेल."

"पण आर्नेचं टोर्गेरशी वैर काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही. खरं कार्ड काढल्यावर क्रमातला नंबर गायब दिसला असता, म्हणून त्याला सहासष्ट नंबरची जागा भरायची होती. खरं कार्ड कुणाचं होतं, आर्ने?"

आर्नेनं कार्ड उलटं करून ठेवलं. "बहिणीचं. नवरा तुरुंगात होता तिचा. पक्षाच्या कार्डावर सही केलीस तर त्याला सोडू, म्हणाले. टोर्गेर, मला वाटलं तू गेलास. मेलेल्याला कोण शिक्षा करणार?"

"आणि मी परत आलो तेव्हा?"

"तेव्हा धीर झाला नाही रे."

टोर्गेर उठला. वर्गातली पोरं त्याला पाहून बाकं सोडून बाहेर गेली होती, ते त्याला आठवत असावं. दारापाशी तो थांबला.

"सुटला का तिचा नवरा?"

"नाही. गोळी घातली."

टोर्गेरनं परत येऊन टेबलावरचा कोरा कागद आर्नेपुढे सरकवला.

"लिही. तिचं नाव लिही. आणि तिच्या नवऱ्याचं काय झालं, हेही लिही."