रपटा आला, ठेवतो

मोहगाव सोडून पांढुर्ण्याकडे निघालं की थोड्या वेळाने रस्ता खाली उतरतो आणि उताराच्या पायथ्याशी रपटा लागतो. रपटा म्हणजे काही पूल नव्हे. नाल्याच्या पोटातच सिमेंट ओतून केलेली वाट; पावसाळ्यात तिच्यावरून पाणी जातं, एरवी गाड्या जातात. दोन्ही बाजूंना टेकड्या आणि सागाची झाडं, त्यामुळे तिथे मोबाइलची रेंज जाते. कंपनी कोणतीही असो, फोन कितीही महागाचा असो, पलीकडचा चढ संपेपर्यंत त्याचा नुसता दगड होतो.

या भागातल्या लोकांनी मात्र त्या रपट्याचा मोठा उपयोग करून घेतला होता. बसमधली माणसं उतार दिसला की "रपटा आला, ठेवतो" म्हणून फोन ठेवत, इथवर ठीक होतं. पण पुढे पुढे घरात खाटेवर लोळणारेही नको असलेल्या फोनवर रपटा आणू लागले. वर्गणीवाल्यांना रपटा, विम्याच्या पोरींना रपटा, सासुरवाडीला तर हमखास रपटा. नागपुरात लग्नाच्या पंगतीत बसलेल्या एका गृहस्थाने जिलेबी चावता चावता रपटा आल्याचं सांगितलं, तेव्हा शेजारच्याने त्याला आणखी एक जिलेबी वाढायला लावली.

मधुकर या विद्येतला सगळ्यांचा गुरू. बोरगाव-सौसरच्या बागांतली संत्री पिकअपमध्ये भरून आपल्या गावी, पांढुर्ण्याच्या बाजारात पोचवायची, हा त्याचा धंदा, त्यामुळे रपटा त्याच्या हक्काचा होता. माणूस भला, पण हो किंवा नाही म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. बायकोने, म्हणजे शोभाने, काही ठरवायचं काढलं की याचा रपटा आलाच. घराला रंग कोणता द्यायचा, हे त्या रपट्यापायी कित्येक दिवाळ्या तसंच राहिलं होतं.

त्या दिवशीचा प्रश्न मात्र रंगाचा नव्हता. त्याची मुलगी प्रियंका नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिला पांढुर्ण्याचाच गौतम आवडला होता. मुलगा वीज खात्यात, हसतमुख, मधुकरच्या पिकअपची बॅटरी बसली तेव्हा भर उन्हात धक्का मारायला धावलेला. मधुकरलाही तो मनापासून आवडला होता. पण गौतमचं घर बौद्ध, मधुकरचं कुणबी, आणि मोहगावात मोठा भाऊ दादाराव बसलेला. दादारावांसमोर मधुकरने उभ्या जन्मात मान वर केली नव्हती. प्रियंकाने स्वच्छ सांगितलं होतं, "मी पळून जानार नाही. पन बाबाच्या तोंडून हो आयकल्याबिगर लगीनही करनार नाही." महिना उलटला तरी मधुकरच्या तोंडून काहीच बाहेर पडलं नव्हतं. आज गौतमचे वडील पुंडलिकराव चहाला येणार होते ते उत्तर घ्यायलाच. आज उत्तर मिळालं नाही, तर ते नकार समजून उठणार होते आणि पुन्हा त्या दारात येणार नव्हते.

थंडीचे दिवस होते. दुपार कलली होती. मागे ताडपत्री फडफडत होती आणि केबिन संत्र्यांच्या वासाने भरून गेली होती. मोहगाव अजून यायचं होतं, तोच फोन वाजला. मधुकरने तो समोर टेकवून स्पीकर लावला.

"अवो, पुंडलिकराव घरून निंघाले म्हनते. प्रियंकाही आली. मी पोहे भिजवून ठेवले," शोभा म्हणाली. "काय सांगू त्याइले?"

"हॅलो... हॅलो..." मधुकरने नेहमीचा सराव सुरू केला. "आवाज कटून राहिला तुहा. रपटा आला वाटते. ठेवतो..."

"रपटा अजून नाही आला, भाऊ."

आवाज बाईचा होता. शांत, किंचित नाकातला. आला फोनमधूनच, पण शोभाच्या अलीकडून, दोघांच्या मध्ये कुणी बसलं असावं तसा. "मोहगावही नाही आलं अजून. आरामानं बोला. रपटा आला का मी सांगते."

मधुकरने शेजारच्या सीटकडे पाहिलं. तिथे संत्र्यांचा एक क्रेट होता. पलीकडे शोभा अगदी हळू बोलली. हळू बोलणारी शोभा मधुकरने लग्नानंतर फारशी ऐकली नव्हती.

"गाडीत कोन बाई हाये?"

"कोनी नाही."

"मंग बोललं कोन?"

"शोभा, मी संत्रे घेऊन चाललो. पुऱ्या गाडीत संत्रेच हायेत."

"संत्रे बोलून राहिले का आता?"

मधुकरने फोन कापला. मोहगाव ओलांडल्यावर सुरेशची चहाची टपरी लागते, तिथे त्याने गाडी लावली आणि झालेला प्रकार सांगितला.

"तुमालेही आली का?" सुरेशने सर्दी आली का विचारावं तसं विचारलं. "दिवाळीपासून चालू हाये. रपट्याच्या आधी बाई सांगते, रेंज जाईन, बोलून घ्या म्हून. आन खोटं बोललं का टोकते. आपल्या गावच्या अरविंदभाऊनं कंपनीले फोन लावला होता. ते म्हनाले, आमची अशी सेवाच नाही. हा म्हने, मंग बंद करा. ते म्हनाले, चालूच नाही तं बंद कशी कराची?"

"मंग?"

"मंग अरविंदभाऊनं सिमच बदललं. नवीन सिमवर पयलाच फोन लावला, तं बाई म्हनते, नंबर बदलला काय, भाऊ? आता तो फोन घरी ठेवूनच निंघते."

"तुले भेव नाही लागत?"

"मले कायचं भेव? मी कोनाले फोनच नाही करत." सुरेशने चहा गाळला. मधुकरचा कप तसाच गार झाला.

तो पुन्हा निघाला तेव्हा सूर्य टेकडीमागे गेला होता. वर रस्त्यावर ऊन होतं आणि खाली उतारावर सावली धरली होती. गाडी सावलीत शिरली आणि मागच्या ताडपत्रीची फडफड थांबली. वारा तसाच होता, गाडी चालतच होती, पण आवाज नव्हता. मग संत्र्यांचा वासही गेला. त्याच्या जागी एक कोंदट वास आला... खोबरेल तेलाचा, धुळीचा, तापलेल्या प्लास्टिकचा. हा वास मधुकरच्या ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. फोन वाजू लागला. त्याने हात लावला नाही. वाजता वाजता तो आपोआपच उचलला गेला.

"ठेवू नका," शोभा कुजबुजली. "मले समजलं ते कोन होय. जयवंताबाई होय... मोहगावची एसटीडीवाली."

मधुकरला वास आठवला. मोबाइल नव्हते त्या काळातला जयवंताबाईचा काचेचा बूथ. लग्न ठरल्यावर तो तिथून नरखेडला शोभाच्या शेजाऱ्यांकडे फोन करायचा. त्या बूथमध्ये शिरलेला माणूस आधी म्हशीची तब्येत विचारायचा, मग पाऊसपाणी, आणि कामाचं निघेपर्यंत वेळ संपलेला असायचा. म्हणून जयवंताबाई वेळ संपत आला की बाहेरून काचेवर टिचकी मारायची आणि सांगायची, "टाइम होऊन राहिला, भाऊ. कामाचं आधी बोला." लग्नाची तारीख आपल्याला पसंत आहे, हेसुद्धा मधुकरने तिच्या टिचकीनंतरच सांगितलं होतं. होणाऱ्या नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागे शोभाने तेव्हा तो आवाज ऐकला होता.

"पन ते तं..." मधुकर म्हणाला.

"तिच्या मातीले तुमीच गेलते."

"रपटा येऊन राहिला, भाऊ," मधला आवाज म्हणाला. "बोलून घ्या."

मधुकरने गिअर बदलला. "शोभा... गायले पानी दाखवलं का?"

"कामाचं," बाई म्हणाली.

"पोह्यात शेंगदाने टाकजो..."

"भाऊ..." बाईचा आवाज दमलेला वाटला.

खरं तर गाडी थांबवली असती तर काम झालं असतं. ब्रेक पायाखालीच होता. पण इतकी वर्षं या रस्त्याने जाऊनही रपट्याच्या आधी गाडी थांबवता येते, हे मधुकरच्या कधी डोक्यात आलं नव्हतं, आणि आज आलं तरी त्याने ब्रेक दाबला नाही. स्वतःचीच त्याला लाज वाटली, पण पाय हलला नाही. उतार आहे, गाडी जाईल, रेंज जाईल आणि आपण सुटू, एवढंच त्याच्या मनात होतं. चाकं सिमेंटवर चढली. फोनवरच्या रेंजच्या रेघा एकेक करून विझल्या. शेवटची गेली आणि तिथे काहीच उरलं नाही.

तरी फोन चालूच होता. शोभाचा श्वास स्वच्छ ऐकू येत होता. मग प्रियंका बोलली. "बाबा?"

"मी धरून ठेवला हाये," जयवंताबाई म्हणाली. आता तो आवाज फोनमधून येत नव्हता. डाव्या खिडकीबाहेरून येत होता. चालत्या गाडीच्या काचेवर टिचकी वाजली. "पन लय वेळ नाही धरता येत, भाऊ... हात भरून येते."

मधुकरने तिकडे पाहिलं नाही. डोळे गच्च मिटावेसे वाटत होते, पण गाडी चालवायची होती.

"प्रियंका," तो म्हणाला, "माहा होकार हाये. पोरगा मले पयल्या दिवसापासून आवडला. मले दादाचं भेव वाटत होतं, दुसरं काही नाही. दादाले मी सांगतो. पुंडलिकरावाले बसवून ठेव, मी येऊन राहिलो."

फोन कटला. ताडपत्री फडफडू लागली, केबिनमध्ये पुन्हा संत्र्यांचा वास पसरला. चढावर गाडी बाजूला लावून मधुकर बराच वेळ रडला. भीतीने की सुटल्यासारखं वाटून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी पोचला तर पुंडलिकराव पोह्यांची दुसरी बशी खात होते, गौतम उगाचच उभा होता आणि प्रियंकाचे डोळे लाल असून ती हसत होती. मधुकरने पुंडलिकरावांची गळाभेट घेतली. बाईचं नाव कुणीच काढलं नाही. तरी शोभाने हळूच बाहेर जाऊन पिकअपच्या सीटवर बाईचा एखादा केस सापडतो का, ते पाहून घेतलंच.

पाहुणे गेले आणि मधुकर फोन घेऊन ओट्यावर येऊन बसला. दादारावांना आपणच लावायचा, असं त्याने ठरवलं होतं, पण बातमी त्याच्याआधी पोचली होती. फोन तिकडूनच आला.

"काय आयकून राहिलो मी, मध्या?"

"खरं आयकलं, दादा. मी होकार देला."

मग दादाराव सुरू झाले. आईबापाचं नाव, भाऊकी, मोहगावात तोंड दाखवायची सोय, सगळं झालं. मधुकरने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला नाही. "आयक," दादाराव शेवटी म्हणाले, "आजपासून तुहा माहा संबंध..."

"पुढे रेंज नाही, भाऊ," जयवंताबाई मध्येच म्हणाली. अगदी हळुवार. "जे बोलाचं ते बोलून घ्या."

मधुकरने फोन कानापासून दूर धरून पाहिला. टॉवर त्याच्या घरामागेच होता. रेघा सगळ्या भरलेल्या होत्या.

"कोन होय ते?" दादारावांनी विचारलं, पण त्यांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं होतं. मोहगावात जन्म काढलेल्या माणसाने तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता.

"दादा," मधुकर म्हणाला, "तुमी कुठी हा?"

"घरी. खाटेवर पडलो हावो. तू गाडीत हायेस का?"

"नाही. मी ओट्यावर बसलो."

"कुठी चालला नाहीस?"

"नाही, दादा."

म्हणजे मेलेल्या बाईने सांगितलेला हा रपटा रस्त्यावरचा नव्हता. जयवंताबाई गावातल्या लहानमोठ्या सगळ्यांनाच भाऊ म्हणायची.

"आपल्यातल्या कोनाले म्हनलं तिनं?" दादारावांनी विचारलं.

"नाही सांगता येत..."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. एकाचा की दोघांचा, तेही कळत नव्हतं. मग दादाराव बोलले, तेव्हा त्यांचा आवाज पार लहान झाला होता.

"मध्या... पोरगी खुश हाये का?"

"लय खुश हाये, दादा."

"पोरगा दारू गिरू...?"

"नाही घेत. चांगला हाये. मायबापही चांगले हायेत."

"बरं." पुन्हा श्वास. "तू जेवला का?"

"जेवाचा हावो अजून."

"मंग जेवून घे... नाही, नको. थांब. फोन नको ठेवू."

"नाही ठेवत," मधुकर म्हणाला.

आतून शोभाने जेवायला हाक मारली, मग प्रियंकाने मारली, मग ताट वाढून दोघी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. तरी दोघा भावांपैकी फोन कुणीच ठेवला नाही.