कयाधूच्या पोटातली दाढ

कयाधू नदीच्या मधल्या बेटावर एका हत्तीचा जबडा उघडा पडला होता, आणि नदीला पूर यायच्या आत तो हिंगोलीला सुखरूप आणायचा होता. आमच्या मोहिमेचं काम एवढंच. हत्ती मरून हजारो वर्षं झालेली, म्हणजे तो काही पळून जाणार नव्हता. घाई होती ती माझ्या बायकोला.

ऐश्वर्या हिंगोलीला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. मी भीमराज, वारंगा फाट्यावर टायरचं दुकान चालवतो. लोकांच्या बायका जत्रेतून बांगड्या आणतात, हिच्या पर्समधून वाळूच्या पुड्या निघतात. लग्नापासून मी तिच्या दगडांना नावं ठेवत आलोय आणि तेच दगड डोक्यावर वाहतही आलोय.

जबडा दिसला तो मेंढपाळ नामाजींना. ते आणि त्यांची बायको सत्यभामाबाई शेळ्या-मेंढ्या घेऊन बेटावर उतरले होते. परतीच्या पावसानं तिथली दरड ढासळली. ऐश्वर्या दगडांसाठी नदीकाठी फिरते हे नामाजींना ठाऊक, त्यांनी लगेच तिला फोन लावला, “म्याडम, इथं दगडाला दात हायेत. येऊन राहिल्या का?”

“आपल्या शिवारात हत्ती चरत व्हते म्हणलं की साखऱ्याच्या शाळेतली पोरं हसतात,” ऐश्वर्या मला म्हणाली. “फोटो दाखवला तर म्हणतात, मोबाईलात काय बी बनवता येतं. त्यांचा हात लागला पायजे दाढेला.”

ट्रकच्या चार ट्यूबा फुगवून, वर बांबू बांधून मी तराफा केला. निम्म्या पाण्यात तो खडकावर आदळला आणि कडेला बांधलेलं प्लास्टरचं पोतं बुडालं. जबड्याला गुंडाळायला आणलेलं ते प्लास्टर पोत्यातच दगड होऊन बसलं. पोतं कडेला मीच बांधलं होतं. ऐश्वर्या माझी एकेक गाठ तपासायला लागली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

बेटाची दरड मात्र बघण्यासारखी होती. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, त्यात बोटभर जाडीची पांढरी पट्टी, आणि सगळ्यात खाली गोट्यांचा थर. नदी कधी फुगून वाहिली, कधी आटली, कधी दुसरीकडूनच गेली, ते सगळं ऐश्वर्या त्या थरांवर बोट ठेवून सांगत होती. पांढरी पट्टी म्हणजे समुद्रापलीकडच्या ज्वालामुखीची राख, वाऱ्यानं इथवर आलेली, असा तिचा अंदाज.

“भांडे घासायला लई बेस हाय ती,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

जबडा राखेच्याही खाली होता. तो वाळूपासून मोकळा करताना ऐश्वर्या अशी हळू हात चालवत होती, जशी झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून चादर काढावी. दाढेवर आडव्या वळ्या होत्या, थेट ट्रकच्या मागच्या टायरसारख्या! मला राहवलं नाही. तराफ्याच्या ट्यूबांना ठिगळं लावायला आणलेलं कच्चं रबर मी चुलीवर मऊ केलं, दाढेवर ट्यूबची पांढरी पावडर भुरभुरली आणि रबर वर दाबून काढलं. वळ्या जशाच्या तशा उमटल्या.

“अहो, हत्तीचं पंक्चर काढून राहिले का?” ऐश्वर्या म्हणाली. मी रबर मुकाट्यानं हत्यारांच्या पिशवीत टाकलं.

प्लास्टर नव्हतं, म्हणून सत्यभामाबाईंनी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे थर आम्ही जबड्यावर चढवले आणि उन्हात वाळू दिले. काम झक्कास झालं. भाकरी-ठेचा खायला आम्ही झाडाखाली बसलो, आणि परत येऊन बघतो तर जबडा उघडाबोडका! भोवती शेळ्या मिशांना लागलेली खळ चाटत उभ्या. शेळ्यांच्या बेटावर आम्ही ज्वारीचं आवरण वाळत घातलं होतं. चार शहाणी माणसं, आणि एकालाही सुचू नये!

नामाजी काठी घेऊन धावले. ऐश्वर्यानं त्यांना अडवलं आणि मटकन बसून हसायलाच लागली. तेवढ्यात सत्यभामाबाईंचा फोन वाजला. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या साखऱ्याहून त्यांचा भाऊ बालाजी बोलत होता.

“अक्का, सकाळधरनं फोन लावून राहिलो, लागतच न्हाई! इकडं पूल बुडाला. बेटावरून निघा.”

आम्ही नदीकडे पाहिलं. पाणी गढूळ झालं होतं आणि फेस येत होता.

मग धांदल उडाली. मोठी जनावरं नामाजींनी उथळ धारेतून पलीकडे हाकली. आम्ही उघडा जबडा पोत्यांत गुंडाळून तराफ्यावर बांधला. त्या वजनानं तराफा काठोकाठ दबला, वर आणखी काही मावणार नव्हतं. पाणी गुडघ्याला आलं. मांडीला आलं. जनावरं सोडून नामाजी परतले, तोवर धार कमरेवर गेली होती.

आणि सत्यभामाबाई अजून बेटावरच होत्या. हातात पाटी, पाटीत कालपरवा जन्मलेली करडं.

“तुमी जबडा न्या म्याडम,” नामाजी म्हणाले. “करडं काय, पुढच्या साली पुन्हा व्हतील.”

 सत्यभामाबाईंनी पाटी छातीशी घट्ट धरली. ऐश्वर्यानं एकदा जबड्याकडे पाहिलं, एकदा पाटीकडे.

“अहो, दोऱ्या सोडा.”

“ऐश्वर्या, नीट विचार कर.”

“सोडा म्हणते ना!”

जबडा आम्ही होता त्या खड्ड्यात ठेवला आणि वर गाळ लोटला. “इतकी वर्षं नदीनंच सांभाळला,” ती म्हणाली.  मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

सत्यभामाबाई करडांसह तराफ्यावर बसल्या आणि आम्ही तिघं कडेला लटकलो. धारेनं तराफा गरकन फिरवला. एक ट्यूब फुसफुसायला लागली. मी भोकावर तळवा दाबला आणि लाथा मारत राहिलो. नामाजींचे पाय काठाच्या चिखलाला लागले. त्यांनी दोर ओढला. मागे धप्पकन आवाज झाला. बेटाची दरड पाण्यात बसली होती, राखेच्या पट्टीसकट आणि जबड्यासकट.

काठावर ऐश्वर्या मनसोक्त रडली. सत्यभामाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी हत्यारांची पिशवी उघडली आणि चिखलानं भरलेला रबराचा तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. ती त्याच्यावरून किती तरी वेळ बोटं फिरवत होती.

दुकानातल्या तापत्या प्लेटवर मी तो पक्का केला. मग त्या साच्यात नवं रबर दाबून, पुन्हा तापवून, काळी कुळकुळीत दाढ काढली. दिवाळीनंतर ऐश्वर्या ती साखऱ्याच्या शाळेत घेऊन गेली. मी नेहमीसारखा हमाल, दाराशी उभा. दाढ हातोहात फिरली. शिवकन्या नावाच्या पोरीनं वळ्यांवरून हात फिरवला, मग नाक लावलं.

“म्याडम, या हत्तीला टायरचा वास काहून येऊन राहिला?”

वर्ग खो खो हसला. ऐश्वर्यानं दाराकडे पाहिलं.

“हत्तीचा न्हाई गं,” ती म्हणाली. “ज्यानं तो तुमच्यापर्यंत आणला, त्याच्या हाताचा हाय.”

सगळी पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी हात खिशात घातले.