नऊ आत, दहा बाहेर

गुरुप्रसाद त्या रात्री नुसता पंखा बदलायला गेला होता. सिद्धेश, तन्वी, जरा सरकून बसा, सांगतो. गुरुप्रसाद आपल्या शेजारचाच, आणि हे त्याने स्वतः मला सांगितलेलं. चौदा नोव्हेंबर २०१९, गुरुवार. त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते.

कट्टा गावच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर त्याची केबलची कंट्रोल रूम होती. तिथल्या मशीनचा पंखा घरघरायला लागला होता. लोक मालिका बघून झोपले की मगच मशीनला हात लावता येतो, म्हणून तो साडेअकराला गेला.

ते मशीन काय करतं, एवढं समजून घ्या. गच्चीवरच्या डिशांमधून चॅनेलं वेगवेगळ्या वायरींनी आत येतात. मशीन त्यांची एकच जुडी बांधून एका वायरीत सोडतं. जुडीतल्या प्रत्येक चॅनेलला नंबर असतो, आणि तुमच्या घरचा बॉक्स नंबर बघून आपलं तेवढं उचलतो. एसटीत गावोगावचे प्रवासी एकत्र बसतात आणि तिकीट बघून ज्याला त्याला आपापल्या थांब्यावर उतरवतात ना, तसं. मल्टिप्लेक्सर म्हणतात त्याला. याच्या मशीनमध्ये नऊ चॅनेलं जात होती.

पंखा बदलून झाला. सगळं नीट सुरू झालं का बघायला त्याने कॉम्प्युटरवर यादी उघडली. आत येणारी, नऊ. बाहेर जाणारी, दहा.

दहाव्याला नाव नव्हतं.

"भाईनू, मगे ता खंयसून इला?" तन्वीने मला विचारलं.

तेच तर, आलं कुठून? गुरुप्रसादला पहिला संशय आला यज्ञेशचा. यज्ञेश त्याचा लाइनमन, इतक्या वर्षांचा सोबती. यानेच चोरून कुणाचं तरी चॅनेल घुसवलं असणार. बघू तरी काय दाखवतो, म्हणून त्याने ते दहावं पडद्यावर लावलं.

काळोख. मग हळूहळू एक खोली दिसू लागली. उंचावरून, तिरपी. झिरोचा दिवा. रिकामी खाट. खाटेशेजारी जमिनीवर एक बाई आडवी.

गुरुप्रसादचं डोकंच फिरलं. त्याने फोन लावला.

"यज्ञेशा, खंय आसस?"

"घराक. निजलंय. कित्या?"

"कोणाच्या घरात कॅमेरो लावलंस रे?"

"कसलो कॅमेरो?"

"हय ये. आताच्या आता."

यज्ञेश डोळे चोळत आला. गुरुप्रसाद पडद्याकडे बघतच नव्हता, त्याच्या तोंडाकडे बघत होता. ते तोंड पांढरं पडलं.

"ही काशीबायची खोली..."

"तुका कशी म्हायती?"

"अरे, मीच वायर काढूक गेल्लंय मां तिच्याकडे!"

काशीबाई वाडीच्या टोकाला एकटीच राहायची. नवरा बाबू वारल्यावर तिने टीव्ही देऊन टाकला, कनेक्शनही काढलं. म्हणजे त्या घरात वायरींना हात लावलेला माणूस एकच. यज्ञेश.

"खोटा बोलतस."

"रवळनाथाशप्पथ नाय!"

गुरुप्रसादने आत येणारी एक वायर उपटली. नऊची आठ झाली. खोली तशीच. दुसरी उपटली. तिसरी. यज्ञेशही उपटू लागला. पाच... तीन... एक. शेवटची.

आत येणारी, शून्य.

बाहेर जाणारी, एक.

खोली तशीच...

आणि त्या बाईची बोटं हलली.

दोघं जिना उतरले ते धावतच.

काशीबाईचं दार आतून बंद. हाका मारल्या... काही नाही. कडी तोडली. ती तशीच पडलेली. संध्याकाळी पाय घसरला, खुबा मोडला, आणि शेजार इतका लांब की तिची हाक कोणापर्यंत पोचलीच नाही. १०८ची गाडी येईपर्यंत यज्ञेश तिच्या ओठांना पाणी लावत बसला. गुरुप्रसाद भिंती चाचपत होता. कॅमेरा शोधत.

"म्हातारी जगली, ता सोडून माका चोर ठरवतस?" यज्ञेश म्हणाला.

काशीबाई वाचली. यज्ञेशने मात्र काम सोडलं, इन्सुलीला निघून गेला. आजही दोघांचं बोलणं नाही.

मी एकदा गुरुप्रसादला विचारलं, "कॅमेरो गावलो नाय मां? मगे अजून त्या पोरावर संशय कसलो?"

मग यज्ञेशलाही न सांगितलेलं त्याने मला सांगितलं.

खोली पडद्यावर जिथून दिसत होती, ती जागा त्याने त्या रात्री नेमकी हुडकली. भिंतीवर, उंच. तिथे बाबूचा फोटो होता, हार घातलेला. कॅमेरा याच्याच मागे असणार, म्हणून त्याने फोटो उतरवला. मागे नुसती भिंत. एक खिळा.

फोटो परत टांगताना टॉर्चचा उजेड काचेवर पडला. बाबूच्या तोंडासमोर काच धुरकटली होती. श्वासाची वाफ धरावी तशी... गुरुप्रसादने शर्टाच्या बाहीने पुसली.

जाईना.

वाफ काचेच्या आतल्या बाजूला होती.