घरचा कोळसा

झरी गाव अजून दूर होतं, तेव्हा आबासाहेबांची मोटार सडकेवर बंद पडली. त्यात नवल काही नव्हतं. लढाईपायी पेट्रोल मिळेना, म्हणून जिंतूरच्या त्या जुनाट लॉरीला मागून कोळशाची भट्टी जोडलेली. भट्टी पेटवायची, हाताच्या पंख्यानं वारा घालायचा, गॅस धरला की पुढं येऊन हँडल मारायचं. असली मोटार रुसायचीच. मोटार चालवणाऱ्या पुतण्यानं, चंद्रभाननं, बाह्या वर सारल्या आणि तो खाली उतरला.

चैत्रातली भर दुपार. सडकेवर माणूस नाही, बाभळीवर पाखरू नाही. लांबवर ऊन नुसतं थरथरत होतं.

मागं कडब्यावर गोधडी टाकून आबासाहेबांची लेक मनकर्णा, घरच्यांची मना, निजली होती. कालपासून ती अडली होती. उशाशी बसलेल्या तानुबाई सुईणीनं सकाळी हात टेकले होते. "मालक, परभणीचा दवाखाना गाठा. न्हाईतर दोन्ही जीव जातेत."

आबासाहेब पुढच्या सीटवर पागोटं सावरत बसले होते. "काय झालं रे?"

"बघायलोय, काका."

"बघायलोय म्हणं! शाळा जमली न्हाई, आता मोटार बी जमंना."

चंद्रभाननं बॉनेट उघडलं. शाळा यांनीच सोडवली होती, फुकटचा डायव्हर पाहिजे होता म्हणून. थोरांचं हे असंच. आधी पोराचा पाय मोडायचा, मग त्याला लंगडा म्हणून हाका मारायच्या.

त्यानं हँडल मारलं. इंजन फिरलं, गरगरलं, पण धरेना. पुन्हा मारलं. तेच.

मग त्यानं प्लग काढून इंजनाच्या अंगाला टेकवला आणि तानुबाईला हँडल फिरवायला सांगितलं. ठिणगी पडली, निळी, टणक. म्हणजे ठिणगी आहे. मागं जाऊन त्यानं भट्टीच्या नळीला काडी लावली. जाळ धरला. म्हणजे गॅस आहे. प्लग परत बसवला. राहिली हवा. कुठं सांधा गळत असेल तर बिडीचा धूर तिथं ओढला जातो. त्यानं बिडी शिलगावली आणि तानुबाई हँडल फिरवत असताना सांध्यासांध्यावरून फिरवली. धूर सरळ वर जात राहिला. सगळं ठीक होतं. तरी मोटार मेलेली.

"मावशी, थांबा. तुमी मनाजवळ जा."

तानुबाई मागं गेली. हँडल आता कुणाच्याच हातात नव्हतं. चंद्रभाननं सहज म्हणून बिडी इंजनाच्या हवेच्या तोंडापाशी धरली.

धूर आत ओढला गेला.

त्याचा हात जागीच राहिला. धूर बाहेर आला... सावकाश. परत आत गेला. आत जाताना घरघर, बाहेर येताना बारीक शिट्टी. हुप्प... ईंऽऽ. हुप्प... ईंऽऽ.

आणि वास आला. कोळशाचा नव्हे. भाजलेल्या तंबाखूचा, मिश्रीचा.

ही शिट्टी तो लहानपणापासून ऐकत आला होता. मिश्री लावणाऱ्या त्याच्या आईला, कस्तुराबाईला, दमा होता. पौषात तिला झटका आला, तेव्हा मोटार दारात उभी होती. आबासाहेब म्हणाले होते, "दमा काय आज झालाय? कापूस जिनिंगला जाऊ दे, मग बघू." मोटार चंद्रभानलाच न्यावी लागली होती. तो परतला तेव्हा ती ओट्यावरच्या खांबाला टेकून बसलेली होती, तोंड सडकेकडं. अंग गार पडलेलं.

तो ताडकन मागं गेला. भट्टी ज्यातून भरली होती ते कोळशाचं पोतं त्यानं सडकेवर उपडं केलं. बाभळीचे कोळसे, जळक्या लाकडाचे तुकडे, आणि त्यात बांबूचं एक कांडं. त्यावर सुंभाची गाठ, जळून काळी झालेली, पण आकार तसाच. कोळसा पाडायला बांबू कुणी जाळत नाही. आणि ती दुहेरी गाठ त्यानंच मारली होती. आईच्या तिरडीला.

"काका... हा कोळसा कुठला?"

"घरचाच हाय."

"कुठला?"

आबासाहेबांनी पागोट्याला हात लावला. राख सावडली त्या दिवशी उरलेला कोळसा पूर्णा नदीत सोडायचा होता. "तुमी व्हा पुढं, म्या सोडतो," असं म्हणून तेच मागं थांबले होते.

"पाण्यात घालून काय फायदा व्हता? कोळसा तो कोळसा. चांगला वाळवून ठिवला. आन् तुला लय पुळका याया नगं, तिचं दिसपाणी, तेरावं म्याच केलंय!"

मागं मनकर्णा किंचाळली. ती शिट्टी तानुबाईलाही ऐकू आली होती; तोंडावर पदर धरून ती हळूच म्हणाली, "चंदर... तुही माय हाय का रे ती? इचार की तिला. काय पायजे..."

चंद्रभान त्या तोंडापाशी वाकला. "माय, मनाला जाऊ दे. तिनं काय केलंय?"

शिट्टी थांबली. सगळं रान कान देऊन बसल्यासारखं झालं. मग एकच लांब श्वास बाहेर पडला, पुढच्या सीटवरच्या आबासाहेबांच्या रोखानं.

"काका, उतरा."

"माही मोटार हाय!"

"आबा..." मागून मनकर्णाचा आवाज आला, तुटका. "आबा, तुमच्या पाया पडते... उतरा."

आबासाहेब शिव्या देत उतरले. त्यांचा दुसरा पाय जमिनीला लागला आणि चंद्रभाननं हँडलला नुसता हिसका दिला. इंजन धडाडून सुरू झालं. तो उडी मारून सीटवर बसला. म्हाताऱ्यानं घाईनं पायरीवर पाय ठेवला. इंजन गुदमरलं, खोकलं, विझायला लागलं. पाय मागं घेतला. पुन्हा एका लयीत चालू झालं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. चंद्रभाननं मोटार सोडली. धुळीत पागोटं लहान होत गेलं.

परभणीच्या दवाखान्यात मनकर्णा सुटली. जीव वाचला, दोन्ही जीव वाचले. दिवेलागणीला तानुबाई वऱ्हांड्यात आली. तिच्या तोंडावर हसू होतं, पण अर्धंच.

"पोरगी हाय. रडली न्हाई. पर दम घ्यायलीय. छातीत जरासं... वाजायलंय."

चंद्रभान दारातून आत गेला. दुपट्यातलं ते एवढंसं ऊर वर-खाली होत होतं. हुप्प... ईंऽऽ.

अंगणात बैलगाडी थांबली. आबासाहेब उतरले, धुळीनं माखलेले. ताठ मानेनं पायऱ्या चढून आले आणि त्यांनी खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला.

पोरीचा श्वास अडकला. ओठ निळे पडले.

चंद्रभान वळला. आबासाहेबांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग पोरीकडं, मग स्वतःच्या पायाकडं. आणि हळूच पाय मागं घेतला.

ईंऽऽ... श्वास सुटला. पोरगी गुलाबी झाली.

मनकर्णा गळाठून पडली होती, पोरीचा श्वास अडकलेला तिला कळलाच नव्हता. तिनं दाराकडं मान वळवली आणि हसली.

"आबा, बाहीर कामून थांबलात? या की आत. नात घ्या मांडीवर."