उलटी फिरणारी ड्रिल

तड्...

माझ्या बोर्डाचा कोपरा गेला. कारंजा गावात मी ब्लाऊज शिवायचं दुकान टाकत होते, आणि ‘रुचिका ब्लाऊज सेंटर’ लिहिलेल्या नव्याकोऱ्या अॅक्रिलिकला भोक पाडायची हौस माझीच. शेजारच्या खिडक्या बनवायच्या दुकानातून एक जण डोकावला. शांत डोळे... आणि ओठांत दाबलेलं हसू. माझा पाराच चढला.

“कायले एवढा जोर लावून राह्यल्या?”

हा प्रसेनजित. त्याने बोर्डाखाली फळी ठेवली, ओरखडे पडू नयेत म्हणून वर चिकटवलेला कागद काढू दिला नाही, आणि ड्रिल चक्क उलटी फिरवली. मी बघतच राहिले. उलट्या ड्रिलनं कुठं भोक पडतं? पण बारीक पांढरा भुगा निघत गेला आणि भोक आरपार... ना तडा, ना ओरखडा.

“सुलटी चावते, उलटी घासत जाते,” तो म्हणाला. “फक्त घाई नाई करायची.”

तुटका कोपरा त्याने गोल कापला, मग बाकीचे तीनही. बोर्ड आधीपेक्षा देखणा झाला आणि माझं कामातलं लक्ष उडालं.

पुढं पावसाची झड लागली की तो माझ्या दारात येऊन बोर्ड पुसायचा. बोर्ड स्वच्छच असायचा. मी चहा द्यायचे, तो बशीत बघून हसायचा, आणि बोलायचा काय, तर पावसाबद्दल. घाई नाही म्हणजे किती नाही, याला काही सुमार?

शेवटी मीच सांगितलं, की येत्या रविवारी वाशिमचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. तो त्याच्या दुकानात अॅक्रिलिकच्या एका शीटला भोक पाडत होता.

तड्...

प्रसेनजितच्या हातून शीट तडकली! तो तडा बघत राहिला, मग “चांगलं हाये” म्हणाला. पण मला कळायचं ते कळलं होतं.

मागणी मुलाकडून यायची, ही आपली रीत. पण शनिवारी मी आईला घेऊन त्याच्याच घरी गेले. वाटभर आई लोक काय म्हणतील हेच म्हणत होती. त्याची आई, रत्नमालाकाकू, तूर पाखडत होत्या. मी सरळ म्हटलं, “काकू, पोरगा पाहायले आलो.”

सूप थांबलं. प्रसेनजित पाण्याचा ट्रे घेऊन आला तो दारातच खिळला.

“बसा,” मी म्हटलं. “नाव काय तुमचं? सैपाक येते?”

“खिचडी... येते,” तो कसाबसा म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. मी आणखी काही विचारणार, तोच त्याने ट्रे खाली ठेवला आणि माझ्या आईकडं वळला.

“काकू, वाशिमच्या पाहुण्यायले येऊ नका म्हणा. मले रुचिका पसंत हाये... बोर्डाचा कोपरा तुटला, तवापासून.”

आता थक्क व्हायची पाळी माझी होती. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं.

रत्नमालाकाकूंनी सूप बाजूला ठेवलं. “हा बोलते बी?” त्या माझ्या आईला म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.